धूर बाहेर, म्हणजे कुठे?

"किती वर्षं सिगारेट ओढताय तुम्ही?" डॉक्टरांनी आईला विचारलं.

मी भाषांतर केलं नाही. तेवढं इंग्रजी तिला कळतं. मास्कच्या वर तिच्या भुवया चढल्या आणि ती माझ्याकडे वळली. "ह्यांना सांग मुक्ते, विडीच्या बंडलाला हात लावलेला नाही कधी. मिश्रीसुद्धा लावली नाही. आमच्या गल्लीत मिश्री न लावणारी मी एकटीच होते म्हणावं."

मिश्री इंग्रजीत कशी सांगायची ते मला सुचलं नाही. मी फक्त "नेव्हर" म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. मग खुर्ची आमच्याकडे वळवून म्हणाले, "पण तुमची फुप्फुसं वेगळं सांगतायत. ही सीओपीडी आहे."

क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. साध्या भाषेत सांगायचं तर श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या असतात. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. जुनी हवा छातीत साठून राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. हा आजार जात नाही. आवरता मात्र येतो.

हे २०२१च्या मे महिन्यात, डब्लिनच्या एका हॉस्पिटलमध्ये घडलं. आई खोकायला लागली होती आदल्या नोव्हेंबरात. मधल्या सहा महिन्यांत तिच्या नाकात पाच वेळा काडी घातली गेली, तीन वेळा अँटिबायोटिक दिली गेली, आणि "शी विल बी ग्रँड" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नाही. ग्रँड म्हणजे "ठीक आहे, फोन ठेवा आता".

हे सगळं लिहायचं कारण एकच. तुमचे आईवडील तुमच्याकडे परदेशात आले, हिवाळ्यात खोकू लागले आणि त्यांची प्रत्येक टेस्ट निगेटिव्ह आली, तर आमचे सहा महिने गेले तसे तुमचे जाऊ नयेत. आणि चूक फक्त डॉक्टरांची होती असं मी म्हणणार नाही, कारण तसं म्हणणं खोटं होईल.

आधी आईबद्दल सांगायला हवं. तिने वीस वर्षं गडहिंग्लजच्या आसपासच्या गावांत निर्धूर चुली बसवल्या. मातीची चूल, तिला दोन तोंडं, मागे सिमेंटचं धुराडं. बायका दिवसाला कितीतरी तास धुरात बसतात, डोळे जातात, छाती जाते, हे ती घराघरांत जाऊन सांगायची. बाबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून उरलेल्या कागदावर ते तिची पत्रकं छापायचे आणि घड्या घालायचं काम माझं असायचं. मुळाक्षरं मी त्या पत्रकांवरच शिकले. पत्रकाच्या माथ्यावर आईची घोषणा होती. "धूर घराबाहेर, आजार दाराबाहेर."

आता डॉक्टरांचा प्रश्न पुन्हा वाचा. सिगारेट. सहा महिने प्रत्येक जण तेच विचारत होता. चुलीबद्दल कुणी विचारलं नाही. आणि जिचं अख्खं बालपण चुलीच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं, त्या मलाही ते सांगावं असं एकदाही वाटलं नाही. चूल मागे राहिली, गावात राहिली, असं आम्ही दोघींनी गृहीत धरलं होतं.

आई २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आली आणि अडकली. विमानं बंद झाली. व्हिसाची मुदत सरकारने आपणहून वाढवत नेली. बाबा गडहिंग्लजला एकटे राहिले, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर भात कसा लावायचा ते विचारत. आईचं सगळं लक्ष तिकडे. तिची एकच धडपड होती, विमान सुरू झालं की घरी जायचं.

मी डब्लिनजवळ लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथली घरं परवडत नाहीत म्हणून गाडीने वीस मिनिटांवर, किल्डेअरमधल्या एका लहान गावात भाड्याने राहते. नदीकाठचा खोलगट भाग, एकाला एक चिकटलेली पन्नासेक घरं, प्रत्येकाला एक धुराडं. आमच्या दिवाणखान्यात काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह होता. मी तो कधी पेटवला नव्हता.

ऑक्टोबरात थंडी पडली आणि आईचे पाय गार पडू लागले. शेजारच्या नोराने कुंपणावरून ते बघितलं. नोरा सत्तरीची आहे, नवरा गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. दुसऱ्या दिवशी दारात दोन पोती. "माझ्या भावाने स्वतः कापलंय," ती लांब उभी राहून ओरडली. "कडक सुकलंय. तुझ्या मम्मीला ऊब मिळू दे."

पोत्यात टर्फ होतं. दलदलीतली हजारो वर्षांची कुजलेली माती विटेच्या आकारात कापून वाळवतात, ते टर्फ. आईने एक वीट हातात घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला आणि खळखळून हसली.

"अगं, ही तर गोवरी! ह्या लोकांची गोवरी!"

जिने वीस वर्षं गोवरीच्या धुराविरुद्ध भांडून काढली ती त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचला स्टोव्ह पेटवायला लागली. मी तिला का अडवलं नाही? कारण ती आठ महिन्यांत पहिल्यांदा आनंदात दिसत होती. एका काडीत जाळ करायची. शिवाय तिने स्टोव्ह नीट तपासला होता. दार घट्ट बसतं, धुराडं सरळ वर जातं, धूर खोलीत येत नाही. "निर्धूर आहे," ती म्हणाली. तिचा शिक्का बसला म्हटल्यावर विषय संपला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला. कोरडा, चिवट, संध्याकाळी जास्त.

त्या दिवसांत खोकला म्हणजे कोविड. फॅमिली डॉक्टर फोनवरच भेटायचे. आधी टेस्ट करा, मग बोलू. एका मैदानात गाडीत बसून टेस्ट दिली. निगेटिव्ह. मग पुन्हा फोन. "छातीचं इन्फेक्शन दिसतंय, गोळ्या पाठवतो." गोळ्या संपल्या, खोकला तसाच. पुन्हा फोन. आधी टेस्ट करा. निगेटिव्ह. फोनवरून छातीला स्टेथोस्कोप लागत नाही, हे मी एकदा चिडून म्हणालेसुद्धा. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "आय नो, आय नो. इट्स हार्ड ऑन एव्हरीवन."

मी तेव्हा काय करत होते तेही सांगते. कोविडपासून वाचायचं तर घरात हवा खेळती ठेवा, असं सगळीकडून सांगितलं जात होतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. सूचना आली की मी ती फ्रिजवर चिकटवते. मी ठळक अक्षरांत लिहिलं, "संध्याकाळी ५ ते ७, सर्व खिडक्या उघड्या." मी कामावरून पाचला घरी यायचे; बाहेरून जंतू आणले असतील तर निघून जावेत म्हणून ही वेळ. आईने भिंतीतल्या हवेच्या झरोक्यात थंडीसाठी जुना टॉवेल कोंबला होता, तोही मी काढून टाकला. तिला शाल गुंडाळून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचे. ताजी हवा घे म्हणायचे.

ती खोकायची. मी खिडकी आणखी उघडायचे.

डिसेंबरात एका दुपारी बाबांशी बोलताना तिला वाक्य पूर्ण करता येईना. "भात" म्हणाली, थांबली, "उतू" म्हणाली, थांबली. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी दिसत होता. मी अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलच्या दारातून मला आत सोडलं नाही. कुणालाच सोडत नव्हते. मी कार पार्कमध्ये गाडीत बसून राहिले. पहिल्या दिवशी दोन वेळा फोन आला, दोन्ही वेळा प्रश्न तेच. ॲलर्जी आहे का, सिगारेट ओढतात का. दुसऱ्या दिवशी केरळच्या एका नर्सने स्वतःहून फोन लावला. "अम्मा ठीक आहे," ती हिंदीत म्हणाली. "दही मागतेय. इथलं दही बघून म्हणाली, हे काय, श्रीखंड फसलंय का?" त्या नर्सचं नाव मला कळलं नाही. त्या पाच दिवसांत आईची बातमी माणसाच्या भाषेत मला फक्त तिच्याकडूनच मिळाली.

तिसऱ्या दिवशी आई सुधारली. नेब्युलायझर म्हणजे औषधाची वाफ, स्टेरॉइड म्हणजे नळ्यांची सूज उतरवणारं औषध, आणि बंद खिडक्यांची, गाळलेल्या हवेची खोली. पाचव्या दिवशी घरी सोडलं. पत्रावर लिहिलं होतं, इन्फेक्टिव्ह एक्झॅसर्बेशन, म्हणजे जंतूमुळे वाढलेला त्रास, आणि पुढे "दमा?" असं प्रश्नचिन्ह. नक्की काय ते स्पायरोमेट्रीने कळेल. एका नळीत जोरात फुंकायचं, किती हवा किती वेगात बाहेर पडते ते यंत्र मोजतं. पण फुंकल्याने कोविड पसरू शकतो, म्हणून ती टेस्ट जवळपास थांबली होती. यादीत नाव घातलंय, पत्र येईल.

नाताळ दोन दिवसांवर होता. आई घरी येणार म्हणून मी काय करावं? मी स्टोव्ह पेटवला. नोराचं टर्फ घालून, घर मस्त गरम करून ठेवलं. आणि वाट बघत खिडकी उघडली.

तीन दिवसांत खोकला परत आला. नव्या वर्षात एका डॉक्टरीणबाईंनी फोनवर हळूच विचारलं, "घरापासून इतकी लांब आहे, एकटी आहे. मनाचं तर काही नाही ना?"

मी फोन ठेवला. चिडून रडायची वेळ आयुष्यात फार कमी वेळा आलीये, त्यातली ही एक.

पण त्या रागातून एक साधा प्रश्न पडला, जो मला महिनाभर आधी पडायला हवा होता. हॉस्पिटलमध्ये बरी, घरी आजारी. मग घरात काय आहे?

माझं कामच धुळीचं आहे. चिपच्या कारखान्यात जिथे सिलिकॉनच्या चकत्या बनतात त्या खोलीत हवा छतातून गाळून येते आणि जमिनीतून निघून जाते. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. पावडर नाही, अत्तर नाही, काजळ नाही. हवेत कण किती आहेत ते यंत्र सतत मोजत असतं. दिवसभर मी चकत्यांना एक कणही लागू नये म्हणून राबत होते, आणि संध्याकाळी घरी येऊन आईला शाल गुंडाळून कशात बसवत होते ते एकदाही मोजलं नव्हतं.

मी कण मोजायचं छोटं यंत्र मागवलं. पीएम टू पॉइंट फाइव्ह मोजणारं. पीएम टू पॉइंट फाइव्ह म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. केसाची जाडी घ्या, तिचे पंचवीस-तीस भाग करा, त्यातल्या एका भागाएवढे. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात.

सकाळी यंत्रावर एक अंकी आकडा. दुपारीही तसाच. पाचला मी खिडकी उघडली आणि आकडा चढू लागला. दोन अंकी झाला. मला वाटलं, यंत्र भिकार आहे. खिडकी लावली, आकडा थांबला. उघडली, पुन्हा चढला. टर्फ घालायला आईने स्टोव्हचं दार उघडलं तेव्हा तर उडीच मारली. मी यंत्र घेऊन मागच्या अंगणात गेले. वारा नव्हता. आकाश स्वच्छ, गार. यंत्र तीन अंकांवर गेलं आणि तिथेच राहिलं.

तेव्हा मी मान वर केली. प्रत्येक धुराड्यातून धूर सरळ वर जात होता, घराच्या दुप्पट उंचीवर पोचून थांबत होता, आणि आडवा होत होता. सगळे धूर एकत्र होऊन गावावर राखाडी गोधडीसारखे पसरले होते. ह्या गावात आल्यापासून मी ह्याला धुकं समजत होते. आयर्लंडचं सुंदर धुकं. आईबाबांना फोटो पाठवला होता.

ह्याला टेम्परेचर इन्व्हर्जन म्हणतात. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते, ती वर जाते, सोबत धूर नेते. पण हिवाळ्यात निरभ्र, निवांत संध्याकाळी जमीन झपाट्याने गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, आणि वर त्यामानाने उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. खालचा धूर त्या झाकणाला टेकतो आणि परत खाली पसरतो. नदीकाठचा खोलगट भाग असेल तर थंड हवा तिथेच साचते. त्यात ओलावा असला की धुराच्या कणांवर पाणी धरतं आणि धूर नि धुकं एकजीव होतं. स्मॉग म्हणतात तो हा. त्याला दिल्ली लागत नाही. पन्नास घरं, पन्नास धुराडी आणि वारा नसलेली एक संध्याकाळ पुरते. मोठ्या गावांत धुराचा कोळसा विकायला बंदी होती. आमच्यासारख्या लहान गावांत तीही नव्हती, आणि टर्फला कुठेच नव्हती.

मी दोन आठवडे वही ठेवली. वेळ, आकडा, वारा, आईचा खोकला. वादळी संध्याकाळी आई शांत. वारा पडलेल्या संध्याकाळी बेजार. एवढं सरळ होतं. तुमच्याकडे यंत्र नसलं तरी वही ठेवा. खोकला दिवसाच्या कुठल्या वेळी वाढतो आणि तेव्हा बाहेर काय चाललेलं असतं, एवढं लिहिलं तरी पुरे.

आणि मग मी जे लहानपणापासून शिकले तेच केलं. पत्रक लिहिलं. इंग्रजीत, एका बैठकीत, दात ओठ खाऊन. "तुमच्या धुराड्यातून निघतं ते माझ्या आईच्या छातीत जातं." खाली यंत्राचे आकडे. पन्नास प्रती काढल्या आणि घड्या घालायला बसले.

आईने एक उचललं, चष्मा लावला. यंत्र आलं त्या दिवसापासून स्टोव्ह बंद होता, ती दोन स्वेटर घालून बसली होती.

"हे 'यू' कुणाला?"

"गावाला. नोराला. सगळ्यांना."

"आणि आपलं धुराडं?"

"आपलं आता बंद आहे."

"तीन महिने तर मीच पेटवत होते. एका काडीत." तिने पेन घेतलं. "'यू' खोड. 'आपण' लिही."

"इंग्रजीत 'आपण' नसतं आई. 'वी' लिहिलं तर त्यांना 'आम्ही' वाटेल. आम्ही विरुद्ध तुम्ही."

"मग पत्रक नको वाटूस." तिने पत्रक खाली ठेवलं. खोकली. उबळ ओसरायला वेळ लागला. मग म्हणाली, "वीस वर्षं वाटली मी. सांगू काय व्हायचं? पत्रकावर भजी ठेवायचे लोक. चूल बदलायची ती माझ्यासारखी कुणी त्यांच्या स्वयंपाकघरात चार वेळा जाऊन बसली तर. आणि बाई, आता वाटतं, आम्ही चूलही कुठं बदलली? धुराडं बसवलं. धूर घराबाहेर. आणि बाहेर म्हणजे कुठं? मी विचारलंच नाही कधी. धूर छपराच्या वर गेला की माझ्या हिशेबी संपला."

मला तिला धीर द्यावासा वाटला. त्या चुलींनी कितीतरी बायकांचे डोळे वाचवले हे खरं होतं, आणि ते मी म्हणालेही. "ते आहेच," ती म्हणाली. "ते काढून घेत नाही मी माझ्याकडून. पण पुढचं राहिलं."

पन्नास पत्रकं रद्दीच्या डब्यात गेली. मी चडफडले. अजूनही चडफडते.

मार्चमध्ये उन्हाची तिरीप आली तेव्हा आई कुंपणाशी खुर्ची टाकून बसली, पलीकडे नोरा. मी मधे दुभाषी. आईने आधी टर्फबद्दल आभार मानले, मग म्हणाली, त्याने मला त्रास होतो.

नोराचा चेहरा उतरला. भेट परत केल्यासारखं झालं ते. मग ताठ झाली. "टर्फने कधी कुणाचं वाईट झालं नाही. माझी आई रोज टर्फच्या आगीपुढे बसायची. नव्वद वर्षं जगली."

आईने भाषांतराची वाट बघितली नाही. "माय मदर ऑल्सो," ती म्हणाली. "चूल. नाइंटी. बट ऑल टाइम..." आणि तिने आजीचा खोकला काढून दाखवला, हात गुडघ्यावर टेकून, मान पुढे काढून, शेवटी घशातून येणाऱ्या शिट्टीसह.

नोरा पुढे वाकली. "जीझस," ती म्हणाली. "दॅट्स हर. अगदी तीच माझी आई."

दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींना खोकला आला. मी यंत्र दाखवायला हातात घेतलं होतं, ते खिशात ठेवून दिलं.

नोराने टर्फ सोडलं नाही. तिच्या घरात ऊब त्याच एका खोलीत असते, तिने काय गोठून बसावं? पण आईने तिला धूर बघायला शिकवलं. धूर वाकडा, तुटक, वाऱ्यावर निघून जातोय, तर पेटव. सरळ वर जाऊन आडवा झाला तर आजचा दिवस विजेचा हीटर. आडव्या धुराला आई म्हणायची, "झोपला." नोराने शब्द उचलला. संध्याकाळी कुंपणावरून हाक यायची, "इज इट झोपला?" आई खिडकीतून बघून अंगठा वर किंवा खाली करायची. आमच्या खिडक्या आता दुपारी बारा ते दोन उघडायच्या. फ्रिजवरचा कागद मी बदलला होता.

हॉस्पिटलने दिलेले इनहेलर चालू होते, खोकला अर्ध्यावर आला. आणि मे महिन्यात अखेर पत्र आलं, टेस्ट झाली, आणि आपण पुन्हा त्या खोलीत आलो जिथे डॉक्टर सिगारेटबद्दल विचारत होते.

मी त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी चार पानं उलटली. मग पेन खाली ठेवून आईकडे वळले आणि सावकाश विचारलं, "तुम्ही लहानपणी स्वयंपाक कशावर करायचात?"

आईने माझ्याकडे बघितलं. "फर्स्ट टाइम," ती डॉक्टरांना म्हणाली. "सिक्स मंथ. फर्स्ट टाइम समबडी आस्क किचन."

त्यांनी समजावलं ते असं. आजाराची सुरुवात जुनी. लहानपणची चूल, आणि नंतरची वीस वर्षं इतरांच्या धुरकट स्वयंपाकघरांत घालवलेले दिवस. फुप्फुसांत सवड होती तोवर कळलं नाही. इथल्या एका हिवाळ्याने ती संपवली. "मी त्यांना नवी फुप्फुसं देऊ शकत नाही," ते म्हणाले. "पण अर्धं औषध तुम्ही आधीच सुरू केलंय." फाइलवर त्यांनी लिहिलं, बायोमास स्मोक, म्हणजे लाकूड, गोवरी, टर्फ ह्यांचा धूर. ते लिहीत असताना मी बघत होते. विमानाचं मी विचारायच्या आत आईनेच विचारलं. ऑक्सिजन उन्हाळाभर स्थिर राहिला तर जाता येईल.

तर तुमच्यासाठी एवढंच. "नॉन-स्मोकर" एवढं सांगून थांबू नका. चूल सांगा, बंब सांगा, गोवऱ्या सांगा, किती वर्षं ते सांगा. न विचारता सांगा. सगळं सांगूनही कुणी ग्रँड म्हणालं तर पुन्हा फोन करा. आणि परदेशातली हवा दिसायला निळी आहे म्हणून स्वच्छ आहे असं मानू नका. मी इंजिनिअर असून मानलं.

ऑक्सिजन स्थिर राहिला. सप्टेंबरात आई घरी गेली. विमानतळावर नोराने विणलेला मफलर तिच्या गळ्यात होता.

गडहिंग्लजला उसाची तोड सुरू झाली की शेतांत पाचट पेटतं, आणि तो धूरही संध्याकाळी खाली बसतो. बाबांनी आता घराची पश्चिमेकडची खिडकी संध्याकाळी बंद ठेवायची असं ठरवलंय. आई मात्र खिडकी लावून बसणारी नाही. दम लागतो म्हणून रिक्षाने जाते, शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसते, पाचट न जाळता रानातच कुजवा म्हणते. पत्रक बाबांनीच छापलंय. मला फोटो आला. वरची जुनी घोषणा गेली आहे. त्या जागी एकच ओळ आहे. "धूर बाहेर, म्हणजे कुठे?"

मी हे लिहितेय तो नोव्हेंबर आहे, वारा पडलेला. पन्नासांतली अठ्ठेचाळीस धुराडी चालू आहेत आणि माझं यंत्र तीन अंकांवर आहे. मला अजूनही प्रत्येक दार ठोठावून ओरडावंसं वाटतं. आत्ताच फोन वाजला. नोरा.

"तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, "इट्स झोपला. मी दोन स्वेटर घालून बसलेय. आणि समोरच्या घरातल्या बाईलाही सांगितलंय शब्द. ती विचारत होती, ही कुठली भाषा."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, आपली."